रविवार संध्याकाळची हुरहूर, सोमवारची मरगळ: कारणे, उपाय आणि डॉक्टरांना कधी भेटावे

रविवारी दुपारपर्यंत सगळे ठीक असते. चारचा चहा होतो, उन्हे उतरतात आणि पोटात खड्डा पडल्यासारखे वाटू लागते. कोणाशी भांडण झालेले नसते, वाईट बातमीही आलेली नसते. तरी चिडचिड होते, मुलांवर उगाच आवाज चढतो, मोबाइल हातात घेऊन ऑफिसचे मेसेज पाहिले जातात. रात्री दिवा मालवल्यावर डोळा लागत नाही. सोमवारी गजर वाजतो तेव्हा अंग जड असते आणि पहिला विचार येतो, "आज जाऊच नये."

हे वर्णन ओळखीचे वाटत असेल तर तुम्ही एकटे नाही. वैद्यकीय पुस्तकांत या नावाचा स्वतंत्र आजार नाही. पण हा अनुभव जगभर सापडतो. जपानमध्ये 'साझाए-सान' नावाची कार्टून मालिका १९६९ पासून रविवारी संध्याकाळी लागते. ती सुरू झाली की सुट्टी संपल्याची जाणीव होऊन लोकांचे मन खट्टू होते, म्हणून तिथे या अवस्थेला त्या मालिकेचेच नाव पडले आहे.

बहुतेकांसाठी ही मरगळ तात्पुरती असते आणि थोड्या बदलांनी कमी होते. काहींमध्ये मात्र ती नैराश्याची किंवा कामाच्या ठिकाणच्या खऱ्या त्रासाची पहिली खूण असते. या दोन्हींतला फरक घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतो. तो कसा ओळखायचा, हा या लेखाचा मुख्य भाग आहे.

दोष सोमवारचा आहे का?

नाही. भोसरी-पिंपरी चिंचवडच्या औद्योगिक भागात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथल्या कामगाराला हाच त्रास गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी सकाळी होतो. सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यामुळे तिथे नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचा 'सोमवार' रविवारीच उगवतो. त्रास आहे तो सुट्टीतून कामाकडे वळण्याच्या टप्प्याचा.

२०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन लाखांहून अधिक लोकांना आदल्या दिवशीच्या मनःस्थितीबद्दल विचारले गेले. शनिवार-रविवारी लोक अधिक आनंदी होते, शुक्रवारीही थोडे बरे होते. पण सोमवार हा मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारपेक्षा फारसा वाईट निघाला नाही. म्हणजे सोमवार जितका वाईट जाईल असे आपल्याला रविवारी वाटते, तितका तो प्रत्यक्षात बहुधा जात नाही. रुग्णांना मी हे सांगतो तेव्हा काहीजण मानेनेच नकार देतात. त्यांना मी एक छोटे काम देतो: चार आठवडे रविवारी रात्री लिहून ठेवा की उद्याचा दिवस दहापैकी किती वाईट जाईल, आणि सोमवारी रात्री लिहा की प्रत्यक्षात किती वाईट गेला. दोन आकड्यांत मोठा फरक दिसला तर त्रासाचा बराच भाग आधीच्या धास्तीचा आहे. दर वेळी आकडे जुळले, किंवा दुसरा आकडाच मोठा आला, तर त्या ऑफिसात खरोखर काहीतरी बिघडलेले आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

(जाता जाता: जानेवारीतला तिसरा सोमवार हा वर्षातला सर्वात उदास दिवस, असा संदेश दरवर्षी फिरतो. त्याचा उगम २००५ मधल्या एका पर्यटनविषयक कंपनीच्या जाहिरातीत आहे. त्यामागे विज्ञान नाही.)

शरीरात काय घडते

मनाच्या आधी झोपेकडे पाहू, कारण माझ्या अनुभवात अर्धे उत्तर तिथेच सापडते.

एक हिशेब करा. समजा, कामाच्या दिवशी तुम्ही रात्री ११ ला झोपता आणि सकाळी ६ ला उठता. तुमच्या झोपेचा मध्य येतो अडीच वाजता. शनिवारी रात्री वेबमालिका पाहत दीड वाजतो आणि रविवारी साडेनऊला उठता. आता मध्य येतो साडेपाच वाजता. फरक तीन तासांचा. मुंबई आणि मॉस्कोच्या घड्याळांतही अडीच तासांचाच फरक आहे. म्हणजे डोंबिवलीच्या घरातून न हलता तुमचे शरीर शनिवारी मॉस्कोच्याही पलीकडे गेले आणि सोमवारी पहाटे सहाला त्याला पुन्हा इथे उतरवले. जर्मन शास्त्रज्ञ टिल रोएनेबर्ग यांनी याला 'सोशल जेटलॅग' असे नाव दिले.

उशिरा झोपणे शरीराला सोपे जाते, कारण बहुतेक माणसांचे आतले घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असते. उलट दिशेने, म्हणजे लवकर झोपून लवकर उठण्याकडे वळणे अवघड असते. म्हणून रविवारी रात्री ११ ला अंथरुणावर पडूनही झोप येत नाही. शरीराच्या लेखी तेव्हा आठच वाजलेले असतात. मग तुम्ही जागे राहता, जागेपणी ऑफिसचे विचार येतात आणि वाटते की विचारांमुळे झोप येत नाही. बऱ्याचदा उलटे असते: झोप येत नाही म्हणून विचारांना रान मोकळे मिळते.

त्यात आपल्याकडची रविवारची दुपार. मटणाचा किंवा पुरणपोळीचा बेत, वर पंखा लावून दोन ते पाच ताणून दिलेली झोप. जेवणाला माझी हरकत नाही. पण तीन तासांच्या त्या झोपेने रात्रीच्या झोपेची भूक मारली जाते. पाचला उठल्यावर कडक चहा किंवा कॉफी घेतली तर भर पडते, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मे पाच तासांनंतरही शरीरात असते. शनिवारी रात्री दारू घेणाऱ्यांचे गणित आणखी बिघडते. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती वारंवार मोडते आणि दुसऱ्या दिवशी बेचैनी, धडधड, खिन्नता जाणवते. 'रविवारी संध्याकाळी फार उदास वाटते' असे सांगणाऱ्या पुरुषांना मी शनिवारच्या रात्रीबद्दल विचारतोच.

सोमवारी उठल्यानंतरची पहिली २०-३० मिनिटे मेंदू अर्धवट झोपेतच असतो. झोप अपुरी असेल तर हे धुके दाट असते. नोकरी सोडावी का, आयुष्यात काय कमावले, असले प्रश्न नेमके त्याच वेळी पडतात. त्या अर्ध्या तासात आलेल्या उत्तरांवर विश्वास ठेवू नका. तोंड धुवा, गॅलरीत उजेडात उभे राहा, मग विचार करा.

ज्यांना रविवार मिळतच नाही

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. घरातल्या बाईला ती अजून पुरती मिळालेली नाही, हे दवाखान्यात रोज दिसते. नोकरी करणाऱ्या कित्येक स्त्रियांचा रविवार म्हणजे आठवड्याचे तुंबलेले कपडे, दळण, फ्रीजची सफाई, भाज्या निवडणे, मुलांचे प्रोजेक्ट, आलेले पाहुणे आणि सगळ्यांना हवा असलेला 'स्पेशल' नाश्ता. बँकेत काम करणाऱ्या एका रुग्ण बाईंनी मला सांगितले होते, "डॉक्टर, मला सोमवारी ऑफिसात गेल्यावर बरं वाटतं. निदान चहा कोणीतरी आणून देतं." त्यांना 'रविवारी छंद जोपासा' असा सल्ला देणे म्हणजे थट्टा झाली असती. त्यांच्या उपचारात सर्वात उपयोगी पडली ती घरातली कामाची वाटणी, आणि त्यासाठी मला त्यांच्या यजमानांना एकदा बोलवावे लागले.

अशा थकव्यात रक्तक्षयही तपासायला हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. जिना चढताना दम लागणे, चेहरा फिका पडणे, केस गळणे, पाळीत जास्त रक्तस्राव होणे असे काही असेल तर आधी हिमोग्लोबिन पाहा. वजन वाढणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता हे जोडीला असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या आणि सात-आठ तास झोपूनही थकलेले उठणाऱ्या व्यक्तीला झोपेत श्वास अडखळण्याचा आजार असू शकतो. हे त्रास फक्त सोमवारी नसतात, पण सोमवारी ठळक होतात.

काय करावे

शुक्रवारपासून सुरुवात करा, किंवा तुमचा शेवटचा कामाचा दिवस जो असेल तेव्हापासून. निघण्यापूर्वी दहा मिनिटे काढून कागदावर लिहा: काय अर्धवट राहिले आणि सोमवारी पहिले काम कोणते. अर्धवट कामे मनात घोळत राहतात. ती कुठेतरी नोंदवली की मन त्यांना थोडे मोकळे सोडते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातील एका छोट्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. जितके नेमके लिहिले तितका उपयोग जास्त. 'रिपोर्ट' असे न लिहिता 'रिपोर्टमधला दुसरा तक्ता भरणे' असे लिहा.

सुट्टीच्या दिवशी उठण्याची वेळ नेहमीपेक्षा एक तासाहून जास्त पुढे ढकलू नका. सगळ्या सूचनांत ही सर्वात नावडती, आणि माझ्या मते सर्वात गुणकारी. झोपेची थकबाकी असेल तर शनिवारी रात्री लवकर झोपून ती भरा. रविवारी दुपारी पडायचेच असेल तर तीनच्या आत, गजर लावून, वीस ते तीस मिनिटे. दुपारनंतर चहा-कॉफी कमी करा. सोमवारी सकाळी उघड्यावरचा उजेड डोळ्यांवर येऊ द्या. स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी चालत गेलात तरी ते साधते.

रविवारची संध्याकाळ रिकामी सोडू नका. इस्त्री, डबा, मुलांचे दप्तर ही कामे शनिवारी किंवा रविवारी सकाळी उरका आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळात घराबाहेर पडण्याचे काहीतरी ठरवून ठेवा. भाजी आणायला चालत जाणे, आई-बाबांना फोन, सोसायटीत बॅडमिंटन, काहीही. त्यात मजा आलीच पाहिजे असा आग्रह नको. हालचाल आणि माणसांचा सहवास एवढे पुरे. ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि ईमेल मात्र पाहू नका. 'एकदा बघून घेतले की निर्धास्त होतो' असे वाटते, पण रविवारी रात्री वाचलेल्या ईमेलवर काहीच करता येत नसते, फक्त झुरता येते. काम खरेच असे असेल की पाहावेच लागते, तर एक ठरावीक वेळ ठेवा, उदाहरणार्थ संध्याकाळी साडेपाच ते सहा, आणि नंतर फोन दुसऱ्या खोलीत.

सोमवारच्या पहिल्या तासात जमेल तर सोपे, नक्की पूर्ण होणारे काम घ्या. सोमवारचा उपवास करत असाल तर रिकाम्या पोटी चहावर चहा टाळा. डोकेदुखी आणि चिडचिड यांचे कारण कधीकधी इतके साधे असते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा, कारण साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

आता एक सवय, जिच्याबद्दल सावध करायला हवे. सोमवारी नको वाटले की रजा टाकायची. त्या सकाळी मेसेज पाठवल्याक्षणी केवढे हलके वाटते! पण हेच हलके वाटणे मेंदूला शिकवते की टाळल्याने सुटका होते. पुढच्या सोमवारी धास्ती आणखी वाढते आणि मंगळवारी तुंबलेले काम, वरिष्ठांचा चेहरा यांची भर पडते. आजारपणासाठी, विश्रांतीसाठी रजा जरूर घ्या. तो तुमचा हक्क आहे. मात्र ती आधी ठरवून घ्या. बुधवारी घेतलेली रजा पुष्कळदा सोमवारच्या रजेपेक्षा जास्त विश्रांती देते. महिन्यात दोन-तीन सोमवार असेच जात असतील तर रजेपेक्षा मदतीची गरज आहे असे समजा.

आणि शेजाऱ्यांची किंवा घरातल्या ज्येष्ठांची झोपेची गोळी 'फक्त रविवारी अर्धी' घेऊ नका. या प्रकारच्या अनेक गोळ्यांची सवय लागते, आणि सकाळी गाडी चालवताना त्यांचा अंमल उरलेला असू शकतो.

कामच त्रासाचे कारण असेल तर

वर सांगितलेला आकड्यांचा प्रयोग आठवा. दर सोमवार खरोखरच वाईट जात असेल तर झोप सुधारून थोडेच भागेल. नेमके काय नको वाटते ते शोधा. सगळे ऑफिस नको वाटते, की सोमवारची अकराची मीटिंग? सगळी माणसे, की एकच माणूस? काम अवघड आहे, की तीन जणांचे काम एकावर आले आहे? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेचजण 'नोकरीच सोडतो' पासून सुरुवात करतात आणि बोलता बोलता एका विशिष्ट गोष्टीवर येतात. त्या एका गोष्टीबद्दल वरिष्ठांशी बोलणे, मीटिंगची वेळ किंवा विभाग बदलून मागणे शक्य असते.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या ११ व्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद केली आहे, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित स्थिती म्हणून. तिची तीन लक्षणे: शक्ती पार संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. हे दीर्घकाळच्या, न आवरलेल्या ताणातून येते, त्यामुळे ताणाचे मूळ न बदलता केवळ 'सकारात्मक राहा' म्हणून ते जात नाही. सर्वांसमोर अपमान, शिवीगाळ, धमक्या किंवा लैंगिक छळ होत असेल तर प्रश्न तुमच्या मनोबलाचा नाही. तारीख-वेळेसह नोंद ठेवा. लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे.

नैराश्य आहे का, कसे ओळखावे

स्वतःला हे विचारा. मंगळवार-बुधवारपर्यंत मन सावरते का? शनिवारी मित्र भेटले, आवडता पदार्थ झाला, क्रिकेटचा सामना लागला, तर बरे वाटते का? उत्तर 'हो' असेल तर बहुधा ही सोमवारची मरगळच.

उत्तर 'नाही' असेल, म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ, जवळपास रोज, दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर नैराश्याची शक्यता तपासायला हवी. जोडीला झोप किंवा भूक बिघडणे, सतत थकवा, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, यांपैकी काही लक्षणे असतात. नैराश्यात अनेकांना रोजचीच सकाळ सर्वात जड जाते, दिवस चढेल तसे थोडे हलके होते. असा माणूस प्रथम 'सोमवारी फार जड जाते' एवढेच सांगतो. खोदून विचारल्यावर कळते की रविवारीही तो दहापर्यंत अंथरुणातच असतो आणि त्याला झोपही लागलेली नसते.

खालीलपैकी काही असेल तर वाट पाहू नका:

• जगणे नको वाटणे, स्वतःला इजा करण्याचे विचार येणे. त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगा, एकटे राहू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते.

• छातीत दुखणे किंवा दडपण, घाम, दम लागणे, दुखणे हातात किंवा जबड्यात जाणे. सोमवारी सकाळचे 'टेन्शन' म्हणून हे अंगावर काढू नका. अनेक देशांतल्या अभ्यासांत हृदयविकाराचे झटके सोमवारी थोडे जास्त आढळले आहेत. १०८ ला फोन करा.

• सोमवारी कामावर जाण्यासाठी, किंवा रविवारी झोपण्यासाठी, दारूची गरज भासू लागणे.

• मूल दर सोमवारी पोटदुखीमुळे शाळेत जायला नकार देत असेल आणि शनिवारी ठणठणीत असेल तर ते ढोंग आहे असे समजू नका. पोट खरेच दुखत असते. शाळेत कोण त्रास देते, कोणत्या तासाची भीती वाटते, हे शांतपणे विचारा.

पहिल्या भेटीत काय होते

सुरुवात तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी चालेल. झोप, दारू-तंबाखू, चालू औषधे, घरचे आणि कामाचे वातावरण यांबद्दल प्रश्न विचारले जातात. गरज वाटल्यास हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ अशा तपासण्या सांगितल्या जातात. सौम्य त्रासात समुपदेशनाने भागते. नैराश्य मध्यम किंवा तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषध सुचवू शकतात. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि ती झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लावत नाहीत. तरी बरे वाटले म्हणून परस्पर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात.

'ऑफिसात कळले तर?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, काहीजण तर दारातून निघताना. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर तुमच्या कंपनीला काही सांगू शकत नाहीत. रजेसाठी प्रमाणपत्र लागणार असेल तर त्यावर काय लिहिले जाईल हे आधीच मोकळेपणाने विचारून घ्या. आणि चार आठवड्यांचा तो आकड्यांचा कागद लिहिला असेल तर भेटीला येताना सोबत आणा.